पराटी सापडली, पण कोरडवाहू चालत नाही

गुरुवार, रात्री सव्वाबारा, वावरात

या आठवड्यात मोटरच्या थ्री फेज विजेची पाळी रात्रीची आहे. लाईन बाराला येते म्हणतात, येते कधी दीडला कधी दोनला, आणि चण्याला दुसरं पाणी द्यायचं म्हणून मी स्वेटर कानटोपी घालून मचाणावर बसलो आहे, खाली स्प्रिंकलरचे पाईप जोडून तयार. मोटर ऑटोवर टाकता येते, पण मागच्या वेळेस ऑटोनं चालू झाली आणि पाईपाचं तोंड निघालेलं होतं, सगळं पाणी नाल्यात गेलं, तेव्हापासून बाबांचा ऑटोवर भरोसा नाही. वरून तुरीत रानडुकरं. म्हणजे जागल करणं आलंच, आणि जागल आली की मोबाईल आला.

तीन दिवस झाले लुआंटी नावाचा गेम डाउनलोड करून. आधी याचं नाव माइनटेस्ट होतं, २०१० मध्ये फिनलंडच्या एका माणसानं सुरू केलं, २०२४ मध्ये नाव बदललं. फुकट आहे, जाहिराती नाही, माझ्या जुन्या फोनवरही चालते हे मुख्य. दिसायला माइनक्राफ्ट गेमसारखंच, सगळं चौकोनी ठोकळ्यांचं, म्हणून पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं की हे तर नक्कल आहे बाप्पा.

कारण आपला जीव माइनक्राफ्टवर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भाचा इथंच अडकला होता अडीच महिने, त्यानं शिकवलं. त्याला मुडदे मारायचे असत रात्री निघणारे, मला शेती. दोघांनी मिळून त्यात आपलं गाव बांधलं, नाला, नाल्यावरचा रपटा, मारुतीचं देऊळ, आमचं घर, अगदी ग्रामपंचायतीची बंद पडलेली पाण्याची टाकीसुद्धा. आणि वावर. माइनक्राफ्टमध्ये पाण्याचा एक ठोकळा चारी बाजूंनी चार ठोकळ्यांपर्यंत ओल देते, म्हणजे मधात पाणी ठेवलं की नऊ बाय नऊचा तुकडा भिजतो, आणि ते पाणी आटत नाही कधी. आमच्या विहिरीला सांगा म्हटलं हे. गहू लावला, गाजर, बटाटे, बीट सगळं लावलं. पण पराटी, म्हणजे कपाशी, नाही. अख्ख्या माइनक्राफ्टमध्ये कापूस नाहीच! लोकर मेंढीची आणि धागा कोळ्याचा, चार धाग्यांची एक लोकर. आता यवतमाळ जिल्ह्यातलं गाव बांधायचं आणि पराटी नाही म्हणजे काय, तर मी पांढरे ट्युलिप ओळीनं लावले, दोन एकरभर, आणि भाच्याला सांगितलं ही आपली पराटी समज. तो म्हणे मामा, हे फूल आहे. मी म्हटलं समज बे.

तर लुआंटीत मी असाच भटकत होतो, एका सर्व्हरवर, म्हणजे जिथं पुष्कळ लोक एकाच जगात खेळतात, तिथं ‘माइनटेस्ट गेम’ नावाचा लुआंटीचा मूळ गेमच चालते, सुकं पिवळं गवत असलेला भाग लागला, आणि त्या गवतात रानटी कपाशी. मी दोनदा पाह्यलं. तोडली तर सरकी मिळाली. खरं सांगतो, मचाणावर एकटाच हसलो, कुत्र्यानं वर पाह्यलं. इथं कापूस काहून आहे तेही नंतर लक्षात आलं, मूळ गेममध्ये जनावरंच नाहीत, मेंढी नाही तर लोकर कुठून येणार, म्हणून कपाशी. चार कापसाचा एक पांढरा लोकरीचा ठोकळा.

लाईन आली वाटते, विहिरीवरचा बल्ब लागला. जातो.

शुक्रवार, दुपारी

झोप झाली नाही. पण हे लिहून ठेवतो नाहीतर विसरतो.

काल रात्री पाणी सुरू करून परत मचाणावर आलो आणि सरकी लावली. नदीच्या काठाला सात-आठ ओळी, आणि जागा कमी पडली तर वर टेकाडावर चार ओळी. इथं पाण्याची ओल तीनच ठोकळ्यांपर्यंत जाते, माइनक्राफ्टपेक्षा एक कमी, म्हणून टेकाडावर ओल नव्हती. मी म्हटलं काय फरक पडते, पराटीच आहे, आपली सगळी पराटी तर कोरडवाहू. माइनक्राफ्टमध्ये गहू कोरड्या मातीतही येते, हळू येते पण येते, आणि पाऊस पडला की माती आपोआप ओली होते.

इथं उगवलं. म्हणजे टेकाडावरच्या सगळ्या सरकीला कोंब आला. नदीकाठच्या झाडांना एका टप्प्याला तीन ते पाच मिनिटं लागत होती, असे आठ टप्पे, तिकडं पाते लागल्यासारखं दिसायला लागलं आणि टेकाडावरचं जसं उगवलं तसंच उभं. दोन पानं. दहा मिनिटं, वीस मिनिटं, त्यात तिथला एक दिवस संपला (दिवस दोन्ही गेममध्ये वीस मिनिटांचाच), तरी दोन पानंच. वर ढग येत होते, दाटत होते, जात होते. शोधलं तर कळलं मूळ गेममध्ये पाऊसच नाही, ढग फक्त येतात आणि कमी-जास्त होतात. आणि कोरड्या मातीत बी उगवते पण त्याच्या पुढं ओल नसली तर एक टप्पाही सरकत नाही.

मी जून महिन्यात हेच पाह्यलं आहे राजेहो. धूळपेरणी केली, एक सर आली, उगवलं, आणि मग बावीस दिवस ढगच ढग. बाबा रोज सकाळी धुऱ्यावर उभे राहून दोन पानं पाहत. त्या वर्षी दुबार पेरणी झाली, बियाण्याच्या बॅगा परत उधारीवर. त्या गेम बनवणाऱ्याला हे माहीत असायचं कारण नाही, त्यानं आपला सोपा नियम लिहिला असेल, पण एवढं बरोबर कसं जमलं कोण जाणे.

एक मात्र आहे, इथं पराटी मरत नाही. दोन पानांवर महिनाभर उभी राहील, कोमेजणार नाही, आणि पाणी दिलं की जिथून थांबली तिथून पुढं. बोंडअळी नाही, निंदण नाही, फवारा नाही, वेचायला बाया शोधायला लागत नाहीत. आमच्याकडं या वर्षी वेचणीला बाया भेटेना, मायनं आणि मी मिळून पाच दिवस वेचला, बोटांच्या नखाशी सालं निघालीत.

मग कोणता चांगला? भाच्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणे मामा ते सोड, त्यात झोंबी नाही, मजा काय. मला वाटते जिथं कोरडवाहू चालते तिथं पराटी नाही आणि जिथं पराटी आहे तिथं कोरडवाहू चालत नाही, दोन्ही अर्धे-अर्धे. तरी माइनक्राफ्टमधलं आपलं गाव मी सोडणार नाही, रपटा बांधायलाच चार दिवस लागले होते.

शनिवार, रात्री

आज जेवण झाल्यावर बाबांना दाखवलं. चष्मा लावून पाह्यलं त्यांनी. गेम असते काय, सर्व्हर असते काय, हे काही विचारलं नाही, सरळ झाडाकडं बोट.

"हे वरचं काहून खुरटलं रे?"

"ओल नाही बाबा तिथं. पाणी दिल्याशिवाय वाढत नाही ते."

"पराटीले पाणी?" असं म्हणून जरा वेळ पाहत राहिले. "कोणती सरकी टाकली होती?"

मी म्हटलं रानटी. ते म्हणाले मग अजून काय होणार. मायला हसू आलं, तिनं भांडे घासायला घेतले.

आता खरी गंमत पुढं आहे. मी टेकाडावरच्या चार ओळी मुद्दाम तशाच ठेवणार होतो, पाहायला की किती दिवस उभी राहते. ती जागा मी माझ्या नावावर बंद केली नव्हती. तिथं लोक आपापली हद्द बंद करून ठेवतात, दुसऱ्याच्या हद्दीत हात लावला की लगेच निरोप येते की ही जागा अमक्याची आहे, तलाठी-मोजणी काही लागत नाही. आमच्या धुऱ्यावर एक वीतभर जागेसाठी दोन पिढ्या बोलणं बंद आहे ते मी इथं लिहीत नाही. तर आज बाबांना दाखवून झाल्यावर परत उघडलं, आणि टेकाडावर मधोमध कोणीतरी एक खड्डा खोदून पाण्याचा ठोकळा ठेवलेला. सगळी पराटी पांढरी. फुटलेली. तोडलेली एकही नाही. चॅटमध्ये पाह्यलं, कोणाचं नाव नाही, काही नाही.

बाबांना परत दाखवलं.

"कोणं देल्लं पाणी?"

"माहीत नाही. कोणी तरी बाहेरच्या देशातला असेल."

"अन् कापूस नेला नाही?"

"नाही."

बाबा काही बोलले नाहीत, टॉर्च घेतला आणि डुकरं पाहायला निघाले. मी वेचला, पंधरा निघाला, बाराचे तीन लोकरीचे ठोकळे केले, त्याला तीन लाकडं लावली की पलंग होते. तो टेकाडावरच ठेवला, पाण्याच्या बाजूला, कोणाला टेकायचं असलं तर. आता बाराला लाईन आहे म्हणतात.