कमरेत वाकणारं यंत्र

ठरल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचलो, ते मुद्दामच. गाडीतून उतरल्यावर कुणाशी बोलायच्या आधी मी विकायला काढलेल्या स्किडरच्या, म्हणजे जंगलातून ओंडके ओढून आणणाऱ्या यंत्राच्या, एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांजवळ) तळहात नेला. चांगलीच धग लागली. म्हणजे सकाळीच कुणीतरी इंजिन चालवून ठेवलं होतं.

"तुम्ही येणार म्हणून जरा सुरू करून बघितलं," विकणारा म्हणाला.

"हरकत नाही. ते पूर्ण थंड होईपर्यंत आम्ही बाकीचं बघतो."

त्याला ते फारसं रुचलं नाही.

जड यंत्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा, आणि कुणी जुनं यंत्र घेणार असेल तर आधी तपासून देणं हे त्याला जोडून आलेलं काम. त्या दिवशी बरोबर एक बाप आणि त्याची मुलगी होती. घरची पंधरा हेक्टर झाडी, मध्यम उतार, विरळणीत वर्षाला तीस-चाळीस झाडं काढायची. ओंडके रस्त्यापर्यंत आणायला लहानसा, वापरलेला स्किडर हवा होता. वडिलांनी याचा फोटो पाहिला होता आणि मनातल्या मनात तो घेऊनही टाकला होता. नवाकोरा पिवळा रंग, पुढे ढकलायचं रुंद ब्लेड, मागे दोर ओढून घेणारा विंच. दिसायला देखणा, यात वाद नाही.

स्किडरची पुढची चाकं ट्रॅक्टरसारखी वळत नाहीत. त्याची चौकटच मधोमध दोन तुकड्यांत असते, वर एक आणि खाली एक अशा दोन पिनांवर जोडलेली. हायड्रॉलिक सिलिंडर ती डावी-उजवीकडे मोडतात आणि यंत्र वळतं. १९६० च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या जंगलांत असे चाकांचे स्किडर रुळले, ते या वाकण्यामुळेच. झाडांमधून वाट काढायला ते सोयीचं पडतं. पण ओंडक्यांची ओढ, खड्ड्यांचे धक्के, ब्लेडचा रेटा, सगळं त्या सांध्यातून जातं. गिऱ्हाईक येतं ते आधी बॉनेट उघडायला लावतं. मी आधी कंबर बघतो. इंजिन दुसरं बसवता येतं.

सांध्यात वाकून बघण्याआधी इंजिन बंद, ब्लेड जमिनीवर आणि दोन्ही चौकटी एकमेकींना जखडणारी दांडी लावलेली हवी. इथे दांडीच नव्हती. "कधीतरी पडली असेल," असं उत्तर मिळालं. यंत्र वाकलं तर मधे सापडलेल्या माणसाचं काही उरत नाही, म्हणून मी दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे घट्ट बसवले आणि मगच टॉर्च घेऊन खाली गेलो.

खालच्या पिनेला ग्रीस भरायचं निपल रंगाखाली गेलं होतं. आता रंगाऱ्यानं घाईत निपलवरही फवारा मारला असेल, हे समजू शकतो. पण मी रंग खरवडला तर आत वाळलेल्या मातीचा बूच. त्या वाटेनं कित्येक दिवसांत ग्रीस गेलेलं नव्हतं. बाजूला पिनेच्या घराभोवती जाड वेल्डिंग होतं, तेही रंगाखाली.

मग ठोकळे काढले. विकणाऱ्याला सीटवर बसवलं, आम्ही लांब उभे राहिलो आणि मुलीला सांगितलं, मोबाइलवर झूम करून फक्त सांध्याचा व्हिडिओ घे. ब्लेड जमिनीत दाबायला लावलं. पुढची चाकं हलकी होऊन उचलू लागली, पण त्याआधी सांधा उघडला. पुढची चौकट आधी हलली, मागची नंतर. ब्लेड सोडलं की 'टक्'. पुन्हा दाबलं, पुन्हा 'टक्'.

"हे किती आहे?" मुलीनं विचारलं.

"बोट जाईल एवढं. घालू नकोस."

वडील म्हणाले, "पिना बदलून घेऊ की." पिन नि बुश (पिनेभोवतीची झिजणारी कडी) बदलणं ही वेगळी गोष्ट. इथे पिनेचं घरच झिजून अंडाकृती झालं होतं, म्हणूनच कुणीतरी बाहेरून वेल्डिंगचा लेप दिला होता. अशा घरात नवी पिन बसवली तरी काही महिन्यांत ती पुन्हा हलते. खरा उपाय म्हणजे आत धातू भरून, वरची-खालची दोन्ही भोकं एका रेषेत पुन्हा बोअर करणं, म्हणजे गोल कोरून काढणं. तो लहानशा गॅरेजमधला खेळ नाही.

विंच मात्र झकास निघाला, हे कबूल करायला हवं. दोर एका जाड बुंध्याला बांधून यंत्र स्वतःलाच चढावर ओढून घेतं का ते बघितलं. ब्रेक धरत होता, दोर गुंडाळायचा ड्रम मोकळा सोडला की दोर सहज सुटत होता. वडिलांना पंज्यानं ओंडके पकडणारा स्किडर हवा होता, त्याचे व्हिडिओ बघून. मी सांगितलं, पंजाला प्रत्येक ओंडक्याजवळ जावं लागतं, म्हणजे झाडीत जिकडेतिकडे चाकोऱ्या. दोर असला की यंत्र वाटेवरच उभं राहतं आणि दोर घेऊन माणूस वीस-तीस मीटर आत जातो. चिखलात अडकलात तर दोर सोडा, यंत्र कोरड्यावर न्या, मग ओंडका ओढून घ्या. तुमच्या झाडीला दोरच बरा.

टायर, हब, डिफरन्शियलचं तेल, पोटातल्या पत्र्यात साचलेला पाचोळा (इंजिनखाली तो पेट घेतो), हे सगळं बघेपर्यंत दुपार झाली. मॅनिफोल्ड थंड पडलं होतं.

"करा सुरू."

स्टार्टर फिरत राहिला. पांढरा धूर, पण इंजिन पकडेना. तीनदा झालं. मग विकणाऱ्यानं सहज, अगदी सवयीनं, खिशातून ईथरचा, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या द्रवाचा, स्प्रे काढला आणि हवेच्या नळीत मारला. यंत्र धडाडून सुरू झालं. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी काही बोललो नाही, कारण बोलायचं ते त्या डब्यानं बोलून टाकलं होतं. ऐन थंडीत ईथर लागणं वेगळं. उबदार दुपारी ज्याला ते लागतं त्याचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबायची ताकद) गेलेलं असतं, नाहीतर इंधनाचा काहीतरी घोळ असतो.

मी कागदावर सगळं लिहिलं, एक प्रत विकणाऱ्यालाही दिली. त्यानं ती घडी घालून खिशात ठेवली, ईथरच्याच खिशात.

परतताना वडील बराच वेळ गप्प होते. मी विचारलं, घरी ट्रॅक्टर आहे ना? होता, साठ अश्वशक्तीचा. मग मीच हिशेब मांडला. वर्षाला तीस-चाळीस झाडं म्हणजे फार तर दोन-तीन आठवड्यांचं काम. लहान स्किडरसुद्धा सहा टनांच्या आसपास असतो, त्याला तेवढी रुंद वाट लागते आणि उरलेलं वर्ष तो शेडमध्ये उभा. ट्रॅक्टरच्या मागच्या तीन सांध्यांवर बसणारा, पीटीओवर (ट्रॅक्टरच्या इंजिनावर फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर) चालणारा विंच घेतला, ट्रॅक्टरच्या पोटाखाली जाड पत्रा आणि चालकावर मजबूत पिंजरा बसवून घेतला, तर तुमचं काम निघतं. सावकाश निघेल, पण निघेल.

"भागेल हो," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पण त्यात ती मजा नाही."

मुलगी हसली. मला उत्तर सुचलं नाही, कारण माझ्या स्वतःच्या अंगणात एक जुना स्किडर गेली सहा वर्षं दुरुस्तीची वाट बघत उभा आहे.