बेळगाव सीमाभागात रोजच्या जगण्याचे फोटो: शहापूरचे माग ते खानापूरचं शिवार

नवख्याने कॅमेरा घेऊन थेट बेळगावच्या खडेबाजारात शिरू नये. आम्ही जुलैत सुरुवात शहापूर, वडगाव, खासबागच्या गल्ल्यांतून केली आणि तेच बरं पडतं. यंत्रमागाचा खडखडाट रस्त्यावरूनच ऐकू येतो, आणि हातात काम असलेला माणूस कॅमेऱ्याला लवकर विसरतो.

मागाच्या खोलीत एखादी ट्यूब आणि दारातून येईल तेवढाच उजेड. ३५ मिमी लेन्स, एफ २, आयएसओ १६०० ते ३२००. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर याहून जलद केलं की फोटोवर काळपट पट्टे येतात, सायलेंट शटरवर तर हमखास. या वेगाला पळता धोटा (आडवा धागा नेणारा) पुसट होतो, तो होऊ द्या. विणकराचा चेहरा स्थिर असला की ती पुसट रेघच मागाची गती दाखवते. फ्लॅश अजिबात नको. तुटलेल्या धाग्यावर आणि धोट्यावर विणकराची नजर असते, ती हलली तर बोटावर बेततं. त्या आवाजात हाक पोचत नाही, तेव्हा मागून खांद्याला हात न लावता समोर उभं राहा. सुताची तूस हवेत असते, लेन्स बाहेर येऊनच बदला.

परवानगी घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडे मागा. ‘मावशी, काढू का फोटो?’ मराठीत चालतं. ती कन्नड बोलली तर ‘अक्का, फोटो तेगेयबहुदा?’ ‘बेडा’ (नको) म्हणाली की कॅमेरा खाली.

खानापूर तालुक्यात जुलैत भाताची लावण चालते. बसवरच्या पाट्या कन्नडमध्ये, कंडक्टरला विचारूनच चढा. शेतात बांधाच्या कडेवर पाय देऊ नका. ओला बांध खचला की खाचरातलं पाणी निघून जातं, मग कोणी फोटोला उभं राहत नाही. वाकलेल्या बायकांचे फोटो मागून काढू नयेत, समोरून, गुडघ्यावर बसून काढावेत.

सगळ्यात जास्त लक्ष मात्र मागच्या भिंतीकडे द्या. भाजीवालीच्या डोक्यावर भगवा किंवा कन्नडिगांचा लाल-पिवळा झेंडा, नाहीतर पाटी आली, की तो फोटो भाजीवालीचा राहत नाही, सीमावादाचा होतो आणि त्रास तिला होतो. दोन पावलं सरकून कोन बदला. १ नोव्हेंबरला कर्नाटकचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी भाषिकांचा काळा दिवस एकत्र येतात, त्या सुमाराला रोजचं जगणं टिपायला येऊ नका. डिसेंबरात बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं तरी तेच. कॅम्पात (छावणी भागात) लष्करी आवाराजवळ कॅमेरा पिशवीतच असू द्या.

फोटोखाली गल्ली आणि काम लिहा, नाव विचारूनच. ४ बाय ६ इंची प्रिंट काढून त्याच गल्लीत नेऊन द्या. मोबाईलवर पाठवतो म्हणून गायब होणारे पुष्कळ, म्हणून पुढच्याला दार उघडत नाही. बाईचा फोटो तिच्याच हातात द्या, शेजारी ठेवून येऊ नका.