टाच

रविवार, रात्री 10.30

आईला सांभाळणाऱ्या मावशींची आज सुट्टी. महिन्यातून दोन, त्याही आठ दिवस आधी सांगून. ब्युरोवाल्याने बदली बाई पाठवतो म्हणून कबूल केलं होतं. सकाळी नऊपर्यंत वाट बघून फोन केला, तर 'आज कोणी मोकळं नाही साहेब.' म्हणजे आजची ड्यूटी माझी.

ही डायरी सात महिने कोरी आहे. आईला अर्धांगवायूचा झटका आला त्या आठवड्यापासून एक ओळ लिहिलेली नाही. पण त्या सात महिन्यांची रोजनिशी घरात आहेच, मावशींनी लिहिलेली. दोनशे पानी वही, जुन्या कालनिर्णयाचं पान कापून घातलेलं कव्हर. आज दिवसभर ती पलंगाशेजारी उघडी ठेवून तिच्याबरहुकूम चाललो. शुक्रवारचं पान असं:

'8.20 तोंड, डोळे पुसले. 9 पेज 200, पाणी 50. 11 उजवी कूस. 1 सरळ. लगवी 300, पिवळी. डावी टाच लाल. दाबली. पांढरी झाली.'

वाचायला अर्धं मिनिट लागतं. करायला मला दुपार झाली.

दर दोन तासांनी कूस बदलायची हे माहीत होतं. एका जागी भार पडून राहिला की तिथलं रक्त थांबतं आणि कातडी आतून मरायला लागते. वर दिसतं ते नंतर. हवेची गादी आहे, तिचा पंप रात्रंदिवस घुरघुरतो, पण कूस बदलण्यातून ती सुटका करत नाही. मावशी आईच्या पाठीखालची आडवी चादर दोन्ही हातांनी गोळा करतात, स्वतःचा गुडघा पलंगाला टेकवतात आणि आई वळते. मी आज सवयीने डावा हात धरायला गेलो. पहिल्याच आठवड्यात त्यावरून बोलणी खाल्ली होती. 'दादा, तो हात ओढायचा नाही. त्यात जीव नाही, खांदा उतरेल.' ऐन वेळी आठवलं, हात सोडला. चादरीने दोनदा आईला निम्म्यावर आणून परत सोडलं. तिसऱ्यांदा वळली. ती माझ्याकडे बघत होती. बोलता येत नाही हे त्या क्षणी बरंच वाटलं.

मग नळी. झटक्यानंतर आईचं गिळणं गेलं, घास श्वासनळीत उतरायचा धोका, म्हणून नाकातून नळी. सिरिंज वर धरायची आणि पेज आपल्या वजनाने उतरू द्यायची, दट्ट्याने ढकलायची नाही. डोकं उंच. पेज संपल्यावर पाणी, नाहीतर नळी तुंबते. मग अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. मी पेज नीट गाळली नव्हती. एक कण अडकला, तो काढेपर्यंत उरलेली पेज गार. पुन्हा कोमट करा, पुन्हा गाळा.

नातेवाईक भेटायला येतात आणि हमखास म्हणतात, 'किती मायेने करतात हो!' मीही म्हणायचो. आज ते खटकलं. माया माझ्याकडेही आहे, त्या मायेनेच पेज गार झाली. मावशींकडे आहे ते कसब आहे. एका हॉस्पिटलात नऊ वर्षं आया म्हणून राबून कमावलेलं. आणि माया म्हटलं की आपल्याला स्वस्त पडतं, हेही खरं. 'घरच्यासारख्या आहात' म्हणून मीच त्यांना दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बोलावलं होतं. घरच्यासारख्यांना त्या दिवशी स्वतःचं घर असतं, हे सुचलं नाही.

त्या माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तरी मी मावशी म्हणतो, कारण ब्युरोने 'मावशी पाठवतो' म्हणून पाठवलं. खरं नाव कळलं ते तिसऱ्या महिन्यात, पहिल्यांदा गूगल पे केलं तेव्हा स्क्रीनवर आलं म्हणून. तोवर पैसे ब्युरोकडे जात, तो आपलं कापून त्यांना देई. किती कापतो ते मी विचारलं नव्हतं. विचारल्यावर त्यांनी सांगितलं, आणि मी थेट पैसे द्यायला लागलो. ब्युरोवाला अजून फुगलेला आहे, आजची बदली बाई बहुधा त्यातच अडकली.

राज्यात 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. मंडळात नाव नोंदवलंय का, असं मागे विचारलं होतं. 'ते धुणंभांडीवाल्यांचं ना दादा? मी पेशंट बघते,' म्हणाल्या. त्या 'बघते'त केवढा ताठा होता! पुढे कागद मिळवून देतो म्हणालो होतो. दिलेले नाहीत. उद्या.

संध्याकाळी आठला फोन आला. मागे लग्नाचा बँड, भाचीच्या हळदीला गेल्या होत्या.

'आजी कशा आहेत?'

'ठीक. सगळं वहीप्रमाणे केलं.'

'टाच बघितली?'

नव्हती बघितली. शुक्रवारची ओळ सकाळीच वाचली होती, पण ते मला काम वाटलंच नव्हतं. फोन चालू ठेवून पायावरची चादर सारली. डाव्या टाचेवर रुपयाएवढा लाल डाग. अंगठा दाबला, उचलला.

'झाली का पांढरी?'

'झाली. आता परत लाल होतेय.'

'मग चालतंय. पांढरी झाली नाही तर भ्यायचं. पोटरीखाली उशी घाला, टाच अधांतरी राहिली पाहिजे. आणि लिहून ठेवा, सकाळी मला लागेल.'

लिहिलं. 8.10, डावी टाच लाल, दाबली, पांढरी झाली. त्यांच्या अक्षराखाली माझं अक्षर फारच गिचमिड दिसतंय. साडेदहा वाजून गेले, डावी कूस राहिलीय.