जुन्या स्नोमोबाइलचा जोर वाढवायला काय बसवावे?

माझ्याकडे जुनी, टू-स्ट्रोक इंजिनाची (पिस्टनच्या दर दोन धावांत एकदा ज्वलन होणारे इंजिन) आणि कार्ब्युरेटरवर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) चालणारी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणारी गाडी, आहे हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "आमचीही गाडी पंचवीस-तीस वर्षांची आहे, तिचा जोर वाढवायला काय बसवता येईल?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेकदा नवा एक्झॉस्ट पाइप असतो, त्यामुळे आधी काहीच बसवू नका असे मी म्हणतो तेव्हा त्याची निराशा होते. कारखान्यातून निघताना जी शक्ती त्या गाडीत होती ती आज तिच्यात राहिलेली नसते. ती कुठे गळते आहे हे शोधून परत मिळवणे हेच जुन्या गाडीचे पहिले ट्यूनिंग आहे, आणि ते काम बर्फ नसलेल्या महिन्यांतच निवांतपणे होते.

ही गळती पुष्कळदा गाडी उभी असतानाच सुरू होते. कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या वाटीत राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे उरलेला चिकट थर पायलट जेटचे (कमी थ्रॉटलवर पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीचे) केसाएवढे छिद्र बुजवतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतील ओलही शोषून घेते. त्याहून महाग पडते ती क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या धावेने फिरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगची गोष्ट. टू-स्ट्रोक इंजिनाच्या तळाशी तेलाची टाकी नसते, बेअरिंगना तेल मिळते ते आत येणाऱ्या मिश्रणातूनच, आणि काही महिन्यांत ही तेलाची साय ओघळून गेली की दमट हवा उघड्या पोलादावर गंज चढवते. म्हणून हंगामाच्या शेवटी चालू इंजिनात, भरपूर धूर निघेपर्यंत, साठवणीचे फॉगिंग तेल फवारावे, वाट्या रिकाम्या कराव्यात, दोन क्लचना जोडणारा पट्टा काढून ठेवावा आणि मागची बाजू उचलून, बर्फावर फिरून गाडी पुढे नेणाऱ्या रुंद रबरी ट्रॅकवरचा भार कमी करावा. हवेच्या डब्याचे आणि एक्झॉस्टचे तोंड बुजवायलाही विसरू नये, कारण उंदरांना ही जागा फार आवडते.

त्यानंतर तपासणीला लागावे. स्पार्क प्लग काढून, त्यांच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून, थ्रॉटल (वेग वाढवायचा खटका) पूर्ण उघडा धरून सुरू करायची दोरी ओढावी आणि गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. प्रत्येक गेजचा आकडा थोडा वेगळा येतो, त्यामुळे एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बोलका असतो. तो दहा टक्क्यांहून जास्त निघाला तर इंजिन उघडल्याशिवाय पुढे जाऊ नये. मात्र कॉम्प्रेशन चांगले आले म्हणजे इंजिन निरोगी आहे असे समजण्यात धोका आहे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस (क्रँकभोवतीचा बंद डबा) स्वतःच पंपाचे काम करते, आणि क्रँकचे सील कडक झाले किंवा कार्ब्युरेटर धरून ठेवणाऱ्या रबराला भेगा पडल्या, की तेथून पेट्रोलविना नुसती हवा आत शिरते. आत येणारे पेट्रोल पिस्टनला थंडही ठेवते आणि तेलही पुरवते. ते कमी पडले की पिस्टन वितळतो किंवा सिलिंडरमध्ये अडकतो. यासाठी इंटेक आणि एक्झॉस्ट बंद करून आत साधारण सहा पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब भरावा, काटा काही मिनिटे जागचा हलत नाही ना ते पाहावे, आणि हलत असेल तर साबणाच्या पाण्याने गळती शोधावी. ही चाचणी कंटाळवाणी असल्यामुळे बहुतेक जण टाळतात. मला विचाराल तर उन्हाळ्यातले एकच काम करायचे झाले तरी मी हेच करीन.

कार्ब्युरेटर खोलताना कोणता भाग कधी काम करतो हे लक्षात असावे. या गाड्यांत सर्रास दिसणाऱ्या मिकुनीच्या गोल स्लाइडच्या कार्ब्युरेटरमध्ये थ्रॉटलच्या पहिल्या चतुर्थांशात पायलट जेट, मधल्या टप्प्यात सुई आणि शेवटच्या चतुर्थांशात मेन जेट यांचे राज्य असते. छिद्रे द्रावणाने आणि दाबाच्या हवेने साफ करावीत, तार घालू नये, कारण छिद्र किंचित मोठे झाले तरी जेटवरचा आकडा खोटा ठरतो. क्रँककेसच्या स्पंदनांवर चालणाऱ्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि इंटेकमधल्या रीडच्या (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणाऱ्या झडपेच्या) पात्यांच्या कडाही तेव्हाच पाहून घ्याव्यात. रोटॅक्स इंजिनाच्या एक्झॉस्टला रेव्ह झडपा (एक्झॉस्टचे तोंड लहान-मोठे करणाऱ्या) असतील तर त्यांच्यावरचा कार्बन खरवडावा, कारण अडकलेली झडप इंजिन वेगाने फिरत असतानाचा, म्हणजे वरच्या फेऱ्यांमधला, जोर गिळून टाकते.

पण सर्वाधिक जोर हरवतो तो क्लचमध्ये, आणि नेमके तिथे कोणी पाहत नाही. इंजिनावर बसवलेल्या पुढच्या क्लचमधली वजने इंजिनाचे फेरे वाढतील तशी बाहेर फेकली जातात, सरकती थाळी दाबतात आणि पट्टा वर चढतो. स्प्रिंग त्यांना विरोध करते. मागच्या क्लचमध्ये स्प्रिंग आणि तिरप्या उताराचा हेलिक्स असतो, जो चढ किंवा खोल बर्फ लागताच पट्टा घट्ट आवळून गाडीला खालच्या गिअरकडे आणतो. या सगळ्याचा हेतू एकच: थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर इंजिन ज्या फेऱ्यांवर सर्वाधिक शक्ती देते तिथेच त्याला टिकवून धरणे. समजा तो आकडा मिनिटाला 8,000 फेऱ्यांचा आहे आणि तुमचे इंजिन 7,300 वर अडते, तर इंजिन कितीही उत्तम असले तरी त्याच्या शक्तीचा मोठा वाटा तुम्ही वापरतच नाही. जुन्या गाडीत स्प्रिंगा थकलेल्या असतात, रोलर सपाट झालेले असतात, बुशिंग अडकतात, पट्टा झिजून अरुंद झाला की मागच्या क्लचमध्ये खोल बसतो आणि गाडी जड गिअरमध्ये सुटल्यासारखी सुटते. इंजिनाखालचे रबर बसले असेल तर दोन क्लच एका रेषेत राहत नाहीत आणि नवा पट्टाही लवकर जातो.

म्हणून आधी झिजलेले भाग बदलावेत, पट्ट्याची रुंदी मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहावी, थाळ्या द्रावणाने पुसून कोरड्या ठेवाव्यात आणि क्लचच्या रेषेचे व अंतराचे माप घ्यावे. क्लच उतरवायला त्याच्याच मापाचा पुलर लागतो, आणि आतली दाबलेली स्प्रिंग हाताला इजा करू शकते याचे भान ठेवावे. एवढ्यानंतरही फेरे जास्त जात असतील तर वजन वाढवायचे, कमी पडत असतील तर घटवायचे, आणि एका वेळी एकच बदल करायचा.

चेनकेसमधले (मागच्या क्लचची शक्ती ट्रॅककडे नेणाऱ्या चेनच्या डब्यातले) तेल बदलणे, चेनचा ताण, ट्रॅक ज्यांवरून घसरतो त्या झिजलेल्या स्लाइड पट्ट्या, ब्रेकचे द्रव, स्कीखालच्या कार्बाइडच्या कडक पट्ट्या आणि ग्रीसच्या जागा यांत सांगण्यासारखे फारसे नाही. मॅन्युअल उघडून करत जावे. फक्त ट्रॅक फाजील घट्ट ठेवू नये. पकड वाढते या समजुतीने पुष्कळ जण तो ताणतात, आणि मग इंजिनाची शक्ती तो ओढण्यातच जाते.

जेटची अंतिम निवड मात्र बर्फ पडेपर्यंत थांबते. उणे 30 अंशांची हवा शून्य अंशाच्या हवेपेक्षा सुमारे बारा टक्के दाट असते, त्यामुळे सौम्य थंडीत अगदी अचूक वाटलेला मेन जेट कडक थंडीत पिस्टन जाळू शकतो. याउलट 3,000 मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशाने विरळ असते. तिथे जेट लहान लागतो, आणि इंजिनाची शक्तीच घटल्यामुळे क्लचची वजनेही हलकी करावी लागतात. सुरुवात नेहमी मोठ्या जेटने करावी आणि पूर्ण थ्रॉटलवर धावत असतानाच इंजिन बंद करून प्लगचा रंग पाहत खाली यावे.

आता पाइपविषयी. टू-स्ट्रोकचा फुगीर पाइप दाबाची लाट परत पाठवून बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलतो, परंतु हे फेऱ्यांच्या मर्यादित टप्प्यातच घडते. नवा पाइप तो टप्पा सरकवतो, म्हणजे वजने, स्प्रिंग, हेलिक्स आणि जेट हे सर्व पुन्हा जुळवावे लागते. खोल बर्फात चालवणाऱ्याला त्यापेक्षा चेनकेसमधले वरचे दातेरी चक्र एक-दोन दात कमी असलेले बसवणे अधिक उपयोगी पडते, कारण कमाल वेग थोडा घटतो पण ओढ वाढते. तरीही पाइपच घ्यायचा असेल तर वजनांचे एक-दोन संच आणि मोठ्या मेन जेटची जोडी यांचा खर्च त्याच्याच किमतीत धरावा.