वखरापासून सुरू केलेला चित्रकोश

उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमात मी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. शिकायला पंधरा वर्षांच्या पुढचं कुणीही निरक्षर चालतं, पण आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात छपरीत जमल्या त्या बहुतेक चाळिशी ओलांडलेल्या बाया. (यात मानधन नसतं हे गावात अजून कुणाला पटलेलं नाही.)

हाताशी लहान मुलांचा चित्रकोश होता. अननस, आगगाडी, ऐरण. एका मावशींनी दोन पानं उलटली न् म्हणाल्या, "काऊन वं बाई, मले अंगणवाडीत बसवतं का?" बरोबरच होतं त्यांचं. त्यात चित्राखालचा शब्द इतका बारीक, की निम्म्या जणींना तो दिसतच नव्हता. 'हिच्या डोक्यात शिरत नाही' असं घरचे जिच्याबद्दल म्हणत, तिला जवळचं दिसत नव्हतं, एवढंच. चष्मा आल्यावर ती सगळ्यांच्या पुढे गेली.

मग आपणच कोश करायचा ठरवला. मोबाईलवर फोटो काढून झेरॉक्स मारली तर पराटी (कपाशीचं झाड) काळी, माती काळी, बैलही काळा. म्हणून नववीतल्या पुतणीकडून नुसत्या रेघांची चित्रं काढून घेतली, एका पानावर मोजकीच आणि ठळक. पानं अ-आ-इच्या क्रमानं लावली नाहीत. ज्याला अक्षरच येत नाही तो त्या क्रमानं शब्द शोधणार कसा? शेत, चूल, बाजार, दवाखाना अशी पानं केली, ती लगेच सापडतात.

शेताच्या पानावर पहिला शब्द वखर, म्हणजे मशागतीचं बैलांनी ओढायचं अवजार. काना नाही, मात्रा नाही, आणि ओळखणार नाही असं गावात कुणी नाही. मग खत, गवत, जवस. विळा, कापूस त्यानंतर. ज्वारी जोडाक्षरापायी सगळ्यात मागे.

चित्र डावीकडे, शब्द उजवीकडे. उजवी पट्टी मागे दुमडायची, चित्र पाहून शब्द मोठ्यानं म्हणायचा, लिहायचा, न् मग पट्टी उघडून आपलं आपण ताडून पाहायचं. माझ्या मते सगळी कमाल या पट्टीची. सासूच्या वयाच्या बाईला सुनेच्या वयाच्या पोरीनं 'चुकलं' म्हणावं, हे तिलाही नको असतं न् मलाही. एकीनं 'ख'चे दोन भाग लांब लांब काढले, त्यामुळे वखराचं 'वरवर' झालं. तिनं पट्टी उघडली, बराच वेळ दोन्हीकडे पाहिलं, आणि काही न बोलता पेन्सिलनं 'र'चं शेपूट 'व'ला नेऊन जोडलं.

पेन्सिल धरताना बोटं आखडायची. पण याच बाया दिवाळीत दारापुढे हातभर रांगोळी काढतात. म्हणून पानाच्या शेवटी रिकामी चौकट ठेवली: आधी आपल्या मनचं चित्र काढा, मग त्याचा शब्द. मुलांनी अक्षरांआधी चित्र काढायला शिकावं, असं गांधीजींचं मत होतं. सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यातलं, तरी मला ते इथे येऊन पटलं.

खरी अडचण क्रियापदांची. वस्तू चित्रात येते, काम येत नाही. वाकलेल्या बाईचं चित्र दाखवलं तर एक म्हणाली निंदण, दुसरी म्हणाली वेचणी, तिसरी म्हणाली, "कंबर दुखून रायली तिची." तेव्हा चित्राचा नाद सोडला. ती बोलेल ते वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहायचं, कामाचा शब्द तिनं माझ्याकडून उतरवायचा, बाकीचे कोशात शोधायचे. 'आज कापूस वेचला' हे पहिलं वाक्य असं झालं.

वेचणी भरात आली की वर्ग बंद. रात्री कुणाच्यानं बसवत नाही. मार्चमधली परीक्षा १५० गुणांची: वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०, आणि प्रत्येकात ३३ टक्के हवेत. ती जमते. बँकेचं पान मात्र जमेना. पासबुक काढा, चेक काढा, पैसे काढायची स्लिप काढा, चित्रात सगळे चौकोनी कागदच. शेवटी कोरी स्लिप मोठी करून झेरॉक्स केली न् तेच पान केलं. 'रुपये अक्षरी'पाशी गाडं अडतं. पीएम किसानचा हप्ता २,००० रुपयांचा, त्यामुळे 'दोन हजार' सगळ्यांना न पाहता येतं, जोडाक्षरही नाही त्यात. सध्या 'पाच हजार' चालू आहे.