महागडे अंबर परफ्यूम अंगावर वागवून पाहण्यासाठी केलेली खटपट : माझा अनुभव

वीस हजार रुपयांच्या पुढची परफ्यूमची बाटली विकणाऱ्या दुकानाने ग्राहकाला ते परफ्यूम एक दिवस अंगावर वागवून पाहू द्यावे, एवढीच माझी अपेक्षा होती; पण ती पूर्ण होईपर्यंत उन्हाळा सरला आणि पावसाळाही निम्मा संपला. मला घ्यायचे होते ते मेसाँ फ्रान्सिस कुर्कजियाँ या पॅरिसच्या घराण्याने 2016 मध्ये आणलेले ‘ग्राँ सुआर’. ते अंबर प्रकारातले आहे, आणि हा प्रकार दुकानात उभ्या उभ्या पारखता येत नाही, हे मला आधीपासून ठाऊक होते.

त्याचे कारण त्याच्या घडणीतच आहे. परफ्यूमच्या जगात अंबर म्हणजे एखादा एकच पदार्थ नव्हे. भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या सिस्टस नावाच्या झुडपाची चिकट राळ, म्हणजे लॅब्डनम, आपण धुपाटण्यात जाळतो त्या जातीचा ऊद, म्हणजे बेन्झॉइन, आणि व्हॅनिला यांच्या मेळातून तो उबदार, गोडसर गंध तयार होतो. व्हॅनिलाच्या सुगंधाचे मूळ द्रव्य व्हॅनिलिन 1874 मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाले आणि त्यानंतरच असे गंध मोठ्या प्रमाणावर बनू लागले. ‘ग्राँ सुआर’मध्येही लॅब्डनम, बेन्झॉइन, टोंका बी आणि व्हॅनिला हेच मुख्य आहेत. ही सगळी द्रव्ये जड असतात, सावकाश उडतात आणि कातडीच्या उबेने हळूहळू उलगडतात. पहिल्या दहा मिनिटांत नाकाला जे जाणवते ते लवकर निघून जाणारे असते. आपण पैसे मोजतो ते पाचव्या-सहाव्या तासाला जे उरते त्याचे.

आणि नेमका तो पाचवा तास दुकान मला देत नव्हते.

मुंबईतल्या एका मॉलमधल्या त्या काउंटरवर मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या मुलाने कागदाच्या पट्टीवर एक फवारा मारला, पट्टी हवेत दोनदा हलवली, पेनने तिच्यावर नाव लिहिले आणि माझ्या हातात दिली. मी हातावर मागितले तर तो म्हणाला, “मॅडम, पट्टीवर येतो तसाच स्किनवर येतो.” हे खरे नाही. कागदाला ऊब नसते, घाम नसतो, तेलकटपणा नसतो. अंबर तर कागदावर आहे त्याहून सपाट आणि जास्त गोड वाटते. मी हे सांगेपर्यंत त्याने न विचारता आणखी तीन परफ्यूमच्या पट्ट्या समोर मांडल्या आणि कॉफीच्या बियांची वाटी पुढे सरकवली. त्या बिया हुंगल्याने नाक ताजेतवाने होते असा समज सर्वत्र आहे, पण त्यांचा वास म्हणजे नाकावर आणखी एक गंध. त्यापेक्षा स्वतःच्या ओढणीचा किंवा बाहीचा, काही न लावलेला भाग हुंगावा.

पुढच्या वेळी टेस्टर, म्हणजे लावून पाहण्यासाठी ठेवलेली बाटली, संपलेला होता. “बुधवारी येईल,” असे सांगण्यात आले, बुधवारी फोन केला तर शनिवार, आणि शनिवारी “गोडाऊनमधून निघालाय.” मग मी नमुन्याची कुपी विकत मागितली. त्यावर, नमुना फक्त खरेदीच्या बिलावर मिळतो, असा नियम पुढे आला. बाटली घेतल्यावर नमुना कशासाठी हवा असणार, हा माझा प्रश्न व्यवस्थापकांनी शांतपणे ऐकून घेतला आणि मला मुख्य कार्यालयाला ईमेल करायला सांगितले. मुख्य कार्यालयाने उत्तर दिले की, नमुन्यांचा विषय शाखेच्या अखत्यारीत येतो. ते उत्तर छापून मी शाखेत नेले, तेव्हा व्यवस्थापक रजेवर होते. दरम्यान काउंटरवरून मला दर वेळी ऐकवले जात होते की सवलत आजच संपते आहे. बिलाच्या मागे मात्र बारीक अक्षरांत लिहिलेले होते की सील फोडलेली बाटली कोणत्याही कारणास्तव परत घेतली जाणार नाही. ज्या वस्तूची परीक्षा सील फोडल्याशिवाय होऊच शकत नाही, तिच्यासाठी हा नियम लावायचा आणि नमुनाही द्यायचा नाही, याचा मला आजही संताप येतो. वीस हजार रुपये ही कुणाच्या तरी महिन्याभराच्या पगाराएवढी रक्कम आहे, आणि ती मोजणाऱ्याला दिवसभराची मुदत मागताना उपकार मागितल्यासारखे वाटावे, हे मला मान्य नाही.

या प्रतीक्षेच्या काळात मी मोहम्मद अली रोडवरच्या अत्तराच्या दुकानांतही फिरले, आणि तिथे निदान मनगटावर लावून पाहायला कुणी नाही म्हटले नाही. एकाने मात्र “अस्सल अंबर” म्हणून एक काळपट खडा दाखवला. याबाबत सावध राहा. व्हेलच्या पोटात तयार होणारे अंबरग्रीस वेगळे आणि परफ्यूममधले हे राळेचे अंबर वेगळे. स्पर्म व्हेलला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने अंबरग्रीसची खरेदी-विक्री आपल्याकडे गुन्हा आहे. कोकण किनाऱ्यावर पकडल्या जाणाऱ्या ‘व्हेलच्या उलटी’च्या बातम्या त्याच्याच असतात.

अखेर टेस्टर आला. मी सकाळीच, साबणाखेरीज कोणताही वास अंगावर नसताना गेले, कोपराच्या आतल्या बाजूला एकच फवारा मारून घेतला, दुसरे काहीही हुंगले नाही आणि काउंटरवरच्या मुलाला “उद्या सांगते” म्हणून बाहेर पडले. लोकलच्या गर्दीत तो गंध मला स्वतःला जड वाटला. ऑफिसच्या एसीत तो आवरला आणि मधाळ झाला. दुपारनंतर मला काहीच येईनासे झाले, पण ते परफ्यूम संपल्याचे लक्षण नव्हते, आपले नाक एकाच वासाला सरावते. म्हणून शेजारच्या टेबलावरच्या सहकारी ताईंना विचारले. त्यांना तो हातभर अंतरावरूनही स्पष्ट येत होता. संध्याकाळी घरी शिरले तर सासूबाईंनी विचारले, “आज धूप कुणी लावला गं?” आणि त्या प्रसन्न होत्या. ज्यांना आपला वास सोसावा लागणार आहे त्यांचे मत घेतल्याशिवाय असले परफ्यूम घेऊ नये, असे मी त्या दिवसापासून सगळ्यांना सांगते.

किमतीचा हिशेबही तेव्हाच केला. एका फवाऱ्यात साधारण 0.1 मिलिलिटर जाते असे धरले तर 70 मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे 700 फवारे होतात, म्हणजे वीस हजारांच्या भावाने एक फवारा जवळपास 29 रुपयांना पडतो. जे परफ्यूम एका फवाऱ्यात संध्याकाळपर्यंत टिकते, त्याच्यासाठी हा भाव मला पटला. ज्याचे चार फवारे मारूनही दुपारी पुन्हा मारावे लागतात ते निम्म्या किमतीतही महागच.

तरीही मी लगेच घेतले नाही. ऑगस्टच्या दमट हवेतला निकाल अर्धाच असतो, म्हणून ओळखीतल्या एका संग्राहकाकडून छोट्या कुपीत थोडे विकत घेतले आणि डिसेंबरमध्ये पुण्याला माहेरी गेले तेव्हा थंडीत लावले. कोरड्या, गार हवेत त्यातला ऊद आणि व्हॅनिला वेगवेगळे कळतात. मुंबईत ते एकमेकांत मिसळून जातात. कुपी घ्यायची असेल तर विकणाऱ्याला मूळ बाटली आणि तिच्या तळाचा बॅच क्रमांक दाखवायला जरूर सांगा. आणखी एक सांगायचे राहिले: राळेचे परफ्यूम गडद असते, त्यामुळे फिक्या कपड्यांवर आणि रेशमावर डाग पडण्याची भीती असते. पैठणीवर तर चुकूनही मारू नका. लोकरीच्या शालीला आतून लावा, तिथे तो कितीतरी दिवस राहतो.

बाटली मी जानेवारीत घेतली, पण त्या दुकानातून नाही. दुसऱ्या एका विक्रेत्याने मागताक्षणी नमुन्याची कुपी दिली आणि “आठवडाभर वापरून बघा, मग या,” असे म्हटले. माझे पैसे त्यालाच मिळाले, याचे मला समाधान आहे. आता नोव्हेंबर ते फेब्रुवारी, संध्याकाळच्या लग्नसमारंभांना आणि एसीतल्या कार्यक्रमांना मी ते लावते, बाटली अंधाऱ्या कपाटात ठेवते, आणि एप्रिल-मेमध्ये तिला हात न लावता खसाचे अत्तर वापरते.