मामाच्या नावाचे एकवीस पेले : निपाणी, बेळगाव, सौंदत्ती

निपाणीच्या भांड्यांच्या दुकानात नाव घालणारा मान वर न करता विचारतो, “रुखवताला काय?”

मामी म्हणते, “न्हाई. द्यायचे हाईत.”

“मग कै. घालू?”

“कै. नको. नुसतं नाव घाल.”

मग ते बारकं मशीन दाढ कोरल्यासारखा आवाज करत एकवीस पेल्यांवरून फिरतं. दरवर्षी फेब्रुवारीत हे असंच होतं. मामी कितीतरी वर्षं एकटीच जात होती, गेली तीन वर्षं मी बरोबर जातो. कुणाला आपल्या माणसाच्या नावानं असं काही करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून बेळगावात मुलांच्या संस्थेला पेले द्यायच्या आणि पुढं सौंदत्तीला जायच्या या फेरीत काय केलं आणि काय चुकलं ते लिहून ठेवतोय. मामीला विचारून लिहितोय. मामाचं नाव पेल्यांवर आहे, पण इथं लिहीत नाही. घरातल्या दोन पोरींची लग्नं अजून व्हायची आहेत, एवढं म्हटलं की आमच्या भागातल्या वाचकाला पुढचं कळतं.

मामा ट्रकवर होता. निपाणीचा तंबाखू, कधी गूळ, पुणे-बेंगळूर रस्ता. २००३ च्या फेब्रुवारीत गेला. घरात सगळे टीबी म्हणायचे. ते खोटं नव्हतं, टीबी होताच. तो बरा का होत नाही हे मात्र कुणी तोंडानं बोललं नाही. त्याची खाट गोठ्याशेजारच्या खोपीत हलवली होती. ताट वेगळं, पेला वेगळा, पेल्याच्या बुडाला तांबड्या रंगाचा ठिपका. तेराव्यानंतर माझ्या आईनं, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीनं, ते ताट आणि तो पेला यमगर्णीच्या पुलावरून वेदगंगेत टाकला. मी तेव्हा मागच्या सीटवर होतो. एकाच पेल्यानं पाणी प्याल्यानं एचआयव्ही होत नाही, एका ताटात जेवल्यानं नाही, जवळ बसल्यानं नाही, डास चावल्यानंही नाही. हे आईला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं म्हणजे आधी रोगाचं नाव घ्यावं लागलं असतं.

सरकारनं एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या मोफत द्यायला सुरुवात केली ती १ एप्रिल २००४ ला, तीही सगळ्या देशात मिळून आठ केंद्रांत. मामी बोटांवर मोजून हिशेब करते, “चौदा म्हैने कमी पडलं.” चिडून नाही, हप्ता चुकल्याचं सांगावं तसं सांगते.

आता प्रवासाचं. कोल्हापूरहून निपाणी एसटीनं तासाभराचा रस्ता, पुढं बेळगाव दीड-दोन तास. बायका बरोबर असतील तर हे ध्यानात ठेवा : महाराष्ट्राच्या एसटीतलं अर्धं तिकीट हद्दीपर्यंतच चालतं, पुढचं पूर्ण पडतं. उलट कर्नाटकातला पत्ता असलेल्या आधार कार्डावर बायकांना राज्याच्या साध्या बसमधून २०२३ च्या जूनपासून फुकट प्रवास आहे. त्यामुळं निपाणीतून पुढं मामीचं तिकीट शून्याचं आणि माझं पूर्ण. कंडक्टरनं ते शून्याचं तिकीट फाडून हातात दिलं की ती घडी घालून बटव्यात ठेवते, काय जमवायचंय तिलाच ठाऊक. सीमेवर काही वाद पेटला की बस कोगनोळी नाक्यावर अडकतात. निघायच्या दिवशी सकाळी स्टँडवर फोन करून विचारा.

डिसेंबरात शक्यतो जाऊ नका. एक तर तेव्हा बेळगावात सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं आणि खोली मिळायची मारामार. दुसरं म्हणजे १ डिसेंबर. १९८८ पासून हा दिवस जागतिक एड्स दिन म्हणून पाळतात, पाळायलाच पाहिजे. पण त्या आठवड्यात अशा प्रत्येक संस्थेत बॅनर, तांबड्या फिती, हार आणि भाषणं. पोरं कंटाळून जातात. फेब्रुवारी-मार्चात आणि जूनमध्ये तिकडं कुणी फिरकत नाही, आणि नेमकं तेव्हाच परीक्षेचं आणि शाळा सुरू व्हायचं सामान लागतं.

बेळगावात एचआयव्हीसह वाढणाऱ्या मुलांना सांभाळणाऱ्या संस्था आहेत. आम्ही गेलो तिचं नाव सांगत नाही. जिथं जाल तिथं आठवडाभर आधी फोन करा आणि काय पाहिजे ते विचारा. पहिल्या वर्षी मी न विचारता गेलो होतो. कुंद्याचे दोन मोठे डबे आणि अंदाजानं घेतलेले वीस ड्रेस. वाढदिवसाला लोक गोडच आणतात, त्यामुळं कपाटात आधीच मिठाईचे सहा बॉक्स होते. ड्रेस सात-आठ वर्षांच्या मापाचे निघाले आणि तिथली बहुतेक पोरं चौदाच्या वर. आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून गरोदरपणीच तपासणी आणि गोळ्या सुरू झाल्यापासून लहान मुलं कमी झाली आहेत. चांगली गोष्ट आहे, पण ती मला ड्रेस घेताना सुचली नव्हती. तिथल्या ताईंनी काही न बोलता एक चिठ्ठी हातात दिली होती : आतले कपडे (मापं लिहून), सॅनिटरी पॅड, काळे शाळेचे बूट, शेंगदाणे, अंड्यांचे पैसे, एक गजराचं घड्याळ. त्या चिठ्ठीचा फोटो माझ्याकडं अजून आहे. शेवटच्या ओळीवर तेव्हा मला हसू आलं होतं.

फोटो काढू नका. अजिबात नाही, पाठमोरासुद्धा नाही. मुलांची ओळख उघड करणं बालन्याय कायद्यात गुन्हा आहे, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं संमतीशिवाय कुणाचंही असलं निदान उघड करता येत नाही. देणगीची पावती मागा, पण चेक हातात देतानाचा फोटो मागू नका. “तुझे आई-बाबा कुठं आहेत?” हा प्रश्न तर चुकूनही नको. अभ्यास, क्रिकेट, मोबाईल, काय वाटेल ते विचारा. पोरं मराठी-कन्नड मिसळून बोलतात, अडचण येत नाही.

यंदा मामीच्या ओळखीमुळं आम्हाला रात्रीच्या जेवणापर्यंत थांबू दिलं. बरोबर आठला घड्याळ वाजलं. (चिठ्ठीतलंच घड्याळ, मी पाठवलेलं.) पोरं टीव्हीसमोरून उठून रांगेत आली, ताई एकेकाच्या तळहातावर गोळी ठेवत होत्या. तोपर्यंत पेल्यांचं खोकं फुटलं होतं आणि नवे पेले माठापाशी मांडले होते. मामीनंही बटव्यातून आपली गोळी काढली. तिचीही वेळ आठचीच.

रांगेतला एक पोरगा थांबला. तेरा-चौदाचा असेल. तिच्या हाताकडं बघत म्हणाला, “आज्जी, तुमाला पण एकच?”

“एकच. आदी तीन-तीन खायाची.”

त्यानं पेला भरला, पाणी प्याला आणि मग पेला फिरवून नाव वाचलं. “हे कोण?”

“माझा नवरा.”

“काय करत्यात?”

“ट्रक चालवायचा.”

ट्रक म्हटल्यावर आणखी दोघं सरकली. किती चाकी? दहा चाकी. पुढं काय लिहिलेलं? ‘यल्लम्मा प्रसन्न’. मागं? मामीला हसू आलं. मागं माझ्या आजीच्या धाकानं पुसून टाकावं लागलेलं एक वाक्य होतं, ते तिनं पोरांना सांगितलं आणि सगळी खिदळली. मी ते पहिल्यांदा ऐकत होतो. वीस-बावीस वर्षांत आमच्या घरात मामाच्या ट्रकबद्दल कुणी बोललेलं मला आठवत नाही.

तो पहिला पोरगा हसला नाही. म्हणाला, “त्यास्नी गोळी नव्हती?”

“तवा नव्हती, बाळा.”

“हां,” म्हणाला, पेला विसळून पालथा घातला आणि टीव्हीकडं गेला.

रात्री लॉजवर मी मामीला अमेरिकेतल्या गोधडीबद्दल सांगितलं. १९८७ पासून सॅन फ्रान्सिस्कोतून सुरू झालेली, एड्सनं गेलेल्यांची नावं शिवलेली. एकेक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, साधारण कबरीएवढा. मामीनं नीट ऐकून घेतलं. वाकळा तिनंही पुष्कळ शिवल्यात. म्हणाली, “एवढी मोठी? मग ती पांघरायची कुणी?”

(स्वतः गोळ्या घेत असाल तर प्रवासात चार दिवसांच्या जादा ठेवा, आणि एआरटी केंद्राचं पुस्तक बरोबर घ्या. गोळ्या हरवल्या तर त्या पुस्तकावर दुसऱ्या केंद्रातही अडचणीपुरत्या मिळतात. शंका असेल तर १०९७ हा फोन मोफत आहे. आणि ज्यानं कधी तपासणी केली नाही त्यानं ती आधी करावी. मामीनं मला पहिल्या वर्षी विचारलं, “दान करायला निघालास, तू बघून घेतलंस का?” सरकारी दवाखान्यात फुकट होते, नाव गुप्त राहतं, तासाभराचंही काम नाही. रिपोर्टची वाट बघत बाकड्यावर बसलो ती अर्धी घटका मामाच्या खोपीबद्दल मला जेवढं शिकवून गेली तेवढं आधी काही शिकलो नव्हतो.)

दुसऱ्या दिवशी सौंदत्ती, यल्लम्माच्या डोंगरावर. बेळगावहून सकाळी सातची बस धरा, अडीच तास लागतात. यरगट्टीच्या पुढं मराठी पातळ होत जाते. ‘एष्टु’ म्हणजे किती आणि ‘यल्लि’ म्हणजे कुठं, एवढ्यावर माझं निभावलं. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. मार्गशीर्षातली रांडाव पौर्णिमा आणि माघातली अहेव पौर्णिमा या दोन्ही दिवशी डोंगर माणसांनी फुलून जातो. पहिलीला देवी विधवा होते, जोगतिणी, म्हणजे देवीला सोडलेल्या बायका, बांगड्या फोडतात. दुसरीला ती पुन्हा सवाशीण होते. आम्ही अहेव पौर्णिमेनंतर आठवड्यानं गेलो, तेव्हा रांग छोटी होती. खाली जोगुळभावीच्या कुंडावर लोक हातपाय धुऊन पुढं जातात. भंडारा उधळतात, पांढरे कपडे नकोत.

मामी इथं मामासाठी येत नाही. ती येते एका मावशीसाठी. मावशीला लहानपणी यल्लम्माला सोडलेलं, म्हणजे देवदासी केलेलं. अशी मुलगी सोडणं कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं गुन्हा ठरलं, पण मावशीचं त्याच्या कितीतरी आधी झालं होतं. पुढं ती एका संस्थेत काम करायला लागली, वस्तीवस्तीत फिरून कंडोम वाटायची आणि बायकांना तपासणीला न्यायची. या जिल्ह्यांत असं काम याच बायकांनी उभं केलंय. घटप्रभेत काम करणाऱ्या, स्वतः देवदासी राहिलेल्या सीतव्वा जोडट्टींना २०१८ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मामीनं पेपरातला फोटो कापून देव्हाऱ्याच्या मागं लावला.

मामा गेल्यावर दोन वर्षांनी मावशीनंच मामीला हाताला धरून तपासणीला नेलं. तेव्हा रक्तातल्या सीडी-फोर पेशींचा आकडा दोनशेच्या खाली आल्याशिवाय गोळी सुरू करत नसत, त्यामुळं वर्षभर नुसत्या खेपा. मामी विड्या वळते. एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. मावशी तिच्या वाटच्या विड्या रात्री बसून वळायची. म्हणून कुणी मला विचारलं की रोख पैसे कशाला द्यावेत, तर मी सांगतो की औषध फुकट आहे, बुडालेला दिवस फुकट नाही. दवाखान्याच्या खेपांसाठी पैसे लावणारी संस्था शोधा. मावशी २०१२ मध्ये गेली. तिची कुठं समाधी नाही, फोटो नाही.

देवळाच्या वाटेवर मामीनं कासाराकडून हिरव्या बांगड्या घेतल्या, खण-नारळ घेतला. पायरीवर एक म्हातारी जोगतीण परडी घेऊन बसली होती. डोक्याला मळका पदर, मनगट इतकं बारीक की मामीनं बांगड्या दोनदा बदलून आणल्या. विधवेनं ओटी भरायची नसते, हे आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे. म्हातारीनं मामीच्या रिकाम्या कपाळाकडं पाहिलं, मग पदर पसरला.

“यार हेसरु?” तिनं विचारलं. कुणाच्या नावानं.

मामीनं मावशीचं नाव सांगितलं. म्हातारी ते नाव घेऊन चारदा “उदं गं आई उदं” म्हणाली, आणि लगेच पुढच्या माणसापुढं परडी धरली. (इथं हात पुढं करणारे खूप असतात. सुटे पैसे वेगळ्या खिशात ठेवा, आणि जोगतिणींचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.)

परतताना मामी निपाणीला उतरली. उतरताना तिनं माझ्या पिशवीत एकविसावा पेला टाकला. वीस पोरं होती, मी मोजण्यात चुकलो असं मला वाटत होतं. यमगर्णीच्या पुलावर बस आली तेव्हा अंधार पडला होता, नदी दिसली नाही.

पेला घरी ओट्यावर ठेवला. आईनं तो सकाळी घासला, पुसला, उजेडात धरून नाव वाचलं. मला काही विचारलं नाही. बाकीच्या पेल्यांतच लावलाय तिनं.